संगणक प्रणालीतील सामायिक संसाधनांचे वाटप आणि प्राधान्याचा विपर्यय : एक विवेचन

बीजसंज्ञा : ऑपरेटिंग सिस्टीम, सामायिक संसाधन, प्राधान्यक्रम, कुलूप, कोंडी, प्राधान्याचा विपर्यय

प्रस्तावना

कार्यालयातील एखाद्या संगणकावर एकाच वेळी किती कामे चालू असतात, याची कल्पना तो वापरणाऱ्याला सहसा नसते. पडद्यावर एक पत्र टंकलिखित होत असते. त्याच वेळी मागील पत्र छपाईयंत्राकडे रवाना होत असते, विषाणुरोधक आज्ञावली फायली तपासत असते आणि पार्श्वभूमीवर घड्याळ, नेटवर्क व कळफलक यांची व्यवस्था पाहणाऱ्या अनेक लहान आज्ञावल्या आपापली पाळी येण्याची वाट पाहत असतात. या सर्वांना लागणारी साधने मात्र मर्यादित असतात. प्रोसेसर एक किंवा मोजकेच, स्मृती ठरावीक, डिस्क एक आणि छपाईयंत्रही बहुधा एकच. मागणी अनेकांची व साधन एक, या परिस्थितीत कोणी, केव्हा, किती काळ व कोणत्या अटीवर काय वापरावे, हे ठरविण्याचे काम ऑपरेटिंग सिस्टीम करते.

हे वाटप म्हणजे केवळ महत्त्वाच्या कामाला अग्रक्रम देणे, असा एक सर्वसाधारण समज आढळतो. हा समज अपुरा आहे. एखादे काम सर्वांत महत्त्वाचे ठरविले, तरी त्याला हवी असलेली वस्तू दुसऱ्या क्षुल्लक कामाच्या हाती असेल, तर त्या महत्त्वाच्या कामाची गती त्या क्षुल्लक कामावर अवलंबून राहते. प्रस्तुत लेखात वाटपाच्या प्रमुख पद्धतींचा परिचय करून देऊन ही मर्यादा १९९७ मध्ये मंगळावर घडलेल्या एका प्रसंगाच्या आधारे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

१. संसाधनांचे दोन प्रकार

वाटपाच्या दृष्टीने संगणकातील संसाधनांचे दोन गट पडतात. पहिल्या गटातील संसाधन वापर चालू असतानाच काढून घेता येते आणि नंतर परत देता येते. प्रोसेसरचा वेळ हे याचे ठळक उदाहरण होय. चालू असलेल्या कामाची स्थिती नोंदवून ठेवायची, प्रोसेसर दुसऱ्या कामाला द्यायचा आणि काही क्षणांनी पहिले काम नेमके थांबले होते तेथूनच पुढे सुरू करायचे, हे शक्य असते. ज्याचे काम थांबविले त्याला उशीर होतो. परंतु नुकसान होत नाही.

दुसऱ्या गटातील संसाधन मात्र असे मध्येच काढून घेता येत नाही. अर्धे पान छापून झाल्यावर छपाईयंत्र दुसऱ्याला दिले, तर दोघांचीही पाने खराब होतात. खात्यातील शिल्लक वाचून तीत बदल करीत असलेल्या आज्ञावलीकडून ती नोंद अर्ध्यावर हिसकावून घेतली, तर हिशेबच चुकतो. अशा वेळी ज्याच्या हाती वस्तू आहे, त्याने ती आपण होऊन सोडेपर्यंत इतरांना थांबावेच लागते.

या दोन गटांसाठी दोन वेगळ्या यंत्रणा वापरल्या जातात. पहिल्या गटासाठी पाळ्या लावणारा शेड्यूलर असतो, तर दुसऱ्या गटासाठी कुलूप असते. दोन्ही यंत्रणा आपापल्या जागी योग्य असतात. अडचण उद्भवते ती त्या एकत्र आल्यावर.

२. प्रोसेसरच्या वेळेचे वाटप

पाळी लावण्याची सर्वांत सोपी पद्धत म्हणजे जो प्रथम आला त्याला प्रथम संधी. ही पद्धत न्याय्य वाटते. परंतु तिचा परिणाम नेहमीच समाधानकारक नसतो. समजा, अनुक्रमे ३०, ४ व २ मिलिसेकंद लागणारी तीन कामे याच क्रमाने एकापाठोपाठ आली. पहिल्याला थांबावे लागत नाही, दुसऱ्याला ३० व तिसऱ्याला ३४ मिलिसेकंद थांबावे लागते. म्हणजे सरासरी प्रतीक्षा २१ मिलिसेकंदांहून अधिक होते. हीच कामे लहान काम आधी या नियमाने घेतली, तर प्रतीक्षा अनुक्रमे ०, २ व ६ मिलिसेकंद आणि सरासरी तीन मिलिसेकंदांहूनही कमी होते. सरासरीच्या दृष्टीने हा नियम श्रेष्ठ ठरतो. मात्र लहान कामे सतत येत राहिली, तर मोठ्या कामाची पाळी कधी येईल याची शाश्वती त्यात राहत नाही.

तिसरी पद्धत चक्राकार पाळीची आहे. प्रत्येकाला वेळेचा एक छोटा तुकडा द्यायचा आणि तो संपला की रांगेच्या शेवटी पाठवायचे. वरील उदाहरणात २ मिलिसेकंदांचा तुकडा ठरविल्यास सरासरी प्रतीक्षा पाच मिलिसेकंदांच्या थोडी वर जाते. परंतु सर्वांत शेवटी आलेल्या कामालाही चौथ्या मिलिसेकंदाला प्रोसेसर मिळतो. एकाच संगणकावर अनेक व्यक्तींना एकाच वेळी काम करता यावे, या हेतूने मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे फर्नांडो कोर्बातो यांच्या नेतृत्वाखाली सीटीएसएस ही प्रणाली विकसित झाली व तिचे पहिले प्रात्यक्षिक १९६१ मध्ये झाले. वेळेचे तुकडे पाडण्याची कल्पना अशाच प्रणालींतून रुजली. लिनक्समध्ये २००७ पासून वापरात आलेल्या सीएफएस या शेड्यूलरने आणि २०२३ मध्ये त्याची जागा घेणाऱ्या ईईव्हीडीएफ या पद्धतीनेही प्रत्येकाला आपल्या वाट्याचा वेळ मिळावा, हेच सूत्र अधिक काटेकोरपणे राबविले आहे.

चौथी पद्धत प्राधान्यक्रमाची. प्रत्येक कामाला एक क्रमांक द्यायचा आणि तयार असलेल्या कामांपैकी सर्वांत वरच्या क्रमांकाचे काम चालवायचे. विमान, कारखान्यातील यंत्रे, वैद्यकीय उपकरणे अशा ठिकाणी, जेथे उत्तर वेळेवर न मिळणे हेच चुकीचे उत्तर ठरते, तेथे ही पद्धत अपरिहार्य असते. तिचा ज्ञात दोष म्हणजे खालच्या क्रमांकाच्या कामांची उपासमार होय. १९७३ मध्ये एक आयबीएम ७०९४ संगणक बंद करताना १९६७ मध्ये दिलेले व तोवर एकदाही न चाललेले एक काम त्यात सापडले, अशी आख्यायिका ऑपरेटिंग सिस्टीमच्या पाठ्यपुस्तकांत सांगितली जाते. तिच्यातील खरेखोटेपणा बाजूला ठेवला, तरी दोषाचे स्वरूप तीतून नेमके कळते. जितका काळ काम थांबले असेल तितका त्याचा क्रमांक हळूहळू वर न्यायचा, हा त्यावरील प्रचलित उपाय आहे.

येथे एक बाब लक्षात घेणे आवश्यक आहे. या चारही पद्धतींत निर्णयाची सूत्रे ऑपरेटिंग सिस्टीमच्या हाती असतात; कारण प्रोसेसर केव्हाही काढून घेता येतो. कुलुपाच्या बाबतीत हे स्वातंत्र्य तिला नसते.

३. कुलूप आणि कोंडी

सामायिक वस्तूचा वापर एका वेळी एकानेच करावा, यासाठी डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९६० च्या दशकात सेमाफोर ही संकल्पना मांडली. रेल्वेच्या हात-सिग्नलवरून घेतलेल्या या नावातच तिचा अर्थ सामावलेला आहे. मार्ग मोकळा असेल तर पुढे जायचे, अन्यथा थांबायचे. एका वेळी एकालाच प्रवेश देणाऱ्या कुलपास म्यूटेक्स असे म्हटले जाते. वस्तू वापरण्यापूर्वी कुलूप मिळवायचे आणि काम होताच ते सोडायचे, एवढाच नियम.

कुलूप आले की कोंडीची शक्यताही येते. एका प्रक्रियेच्या हाती फाईल आहे व तिला छपाईयंत्र हवे आहे. दुसरीच्या हाती छपाईयंत्र आहे व तिला तीच फाईल हवी आहे. दोघीही हातचे सोडत नाहीत आणि दोघीही थांबून राहतात. अशी कोंडी केव्हा होऊ शकते, याच्या चार अटी कॉफमन, एल्फिक व शोशानी यांनी १९७१ मध्ये मांडल्या : वस्तू एका वेळी एकालाच वापरता येणे, हातचे न सोडता दुसऱ्या वस्तूची वाट पाहणे, दिलेली वस्तू बळाने परत घेता न येणे, आणि वाट पाहणाऱ्यांचे वर्तुळ तयार होणे. या चारही अटी एकत्र आल्याशिवाय कोंडी होत नाही. त्यामुळे यांतील कोणतीही एक अट मोडली तरी कोंडी टळते. सर्व कुलुपांना क्रमांक देऊन ती चढत्या क्रमानेच घ्यावीत असा दंडक घातल्यास चौथी अट मोडते, कारण अशा क्रमात वर्तुळ पूर्ण होऊच शकत नाही.

कोंडी हा उघड दोष आहे. सर्व काही थांबते, म्हणून तो लक्षात येतो. याउलट ज्यात कोणीही कायमचे अडकत नाही, प्रोसेसर सतत कामात असतो, प्रत्येक नियम काटेकोरपणे पाळला जातो आणि तरीही सर्वांत महत्त्वाचे काम वेळेवर होत नाही, असाही एक दोष आहे. तो अधिक फसवा होय.

४. प्राधान्याचा विपर्यय

हा दोष समजण्यासाठी महाविद्यालयाच्या कार्यालयाचे उदाहरण घेता येईल. एक नोंदवही आहे. कनिष्ठ लिपिक तीत एक नोंद करीत आहे. दोन मिनिटांचे काम आहे. प्राचार्यांना तातडीने तीच नोंदवही हवी आहे. अर्धवट नोंद असलेली वही काढून घेणे योग्य नाही, म्हणून प्राचार्य दोन मिनिटे थांबण्यास तयार होतात. येथपर्यंत सर्व रास्त आहे. इतक्यात एका विभागप्रमुखांनी लिपिकास आपल्या कामासाठी बोलावले. त्यांचे पद लिपिकाहून वरचे, म्हणून तो वही मिटून, कपाटात कुलूपबंद करून उठला. ते काम संपते न संपते तोच दुसऱ्या विभागप्रमुखांचे बोलावणे आले. विभागप्रमुखांना नोंदवहीशी काहीही कर्तव्य नाही आणि प्राचार्यांना आपण खोळंबवीत आहोत याची त्यांना कल्पनाही नाही. पदांची उतरंड तंतोतंत पाळली गेली. तरीही सर्वांत वरिष्ठ व्यक्ती मधल्या पदांवरील व्यक्तींच्या कामांमागे तिष्ठत राहिली.

संगणकात नेमके हेच घडते. कनिष्ठ प्राधान्याच्या कामाने कुलूप घेतले. वरिष्ठ काम जागे झाले, त्याने तेच कुलूप मागितले व ते थांबले. कनिष्ठ कामाला ते सोडण्यासाठी समजा आणखी २ मिलिसेकंद हवे आहेत. दरम्यान कुलुपाशी संबंध नसलेले, १०० मिलिसेकंद लागणारे एक मध्यम प्राधान्याचे काम तयार झाले. शेड्यूलरने नियमाप्रमाणे कनिष्ठाला थांबवून मध्यमाला प्रोसेसर दिला. परिणामी वरिष्ठाची प्रतीक्षा २ ऐवजी १०२ मिलिसेकंदांची झाली. मध्यम कामे एकापाठोपाठ येत राहिली, तर या प्रतीक्षेला वरची मर्यादाच उरत नाही. प्राधान्यक्रम उलटा झाल्यासारखा भासतो, म्हणून या दोषाला प्रायॉरिटी इन्व्हर्जन किंवा प्राधान्याचा विपर्यय असे म्हणतात. बटलर लॅम्प्सन व डेव्हिड रेडेल यांनी १९८० मध्ये मेसा या भाषेच्या अनुभवावर लिहिलेल्या निबंधात त्याचे वर्णन आढळते.

५. मंगळावरील प्रसंग

नासाचे मार्स पाथफाइंडर हे यान ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरले. सोजर्नर ही छोटी फिरती गाडी त्याच्यासोबत होती. यानाच्या संगणकावर व्हीएक्सवर्क्स ही ऑपरेटिंग सिस्टीम चालत होती आणि तीत कामांना प्राधान्यक्रम दिलेले होते. यानाचे विविध भाग व उपकरणे एका सामायिक माहितीवाहिनीने, म्हणजे बसने, संगणकाशी जोडलेली होती. बसवरील व्यवहाराचे चक्र सेकंदाला आठ वेळा, म्हणजे दर १२५ मिलिसेकंदांना पूर्ण व्हावे लागे. यासाठी दोन कामे नेमलेली होती. एक बसवरील पुढील व्यवहार आखणारे व दुसरे आलेली माहिती संबंधितांकडे पोचविणारे. या दोहोंचे प्राधान्य बरेच वरचे होते. हवामानाच्या मोजमापांची माहिती हाताळणाऱ्या कामाचे प्राधान्य मात्र खालचे होते.

यान उतरल्यानंतर काही दिवसांतच त्याचा संगणक मधूनमधून आपोआप नव्याने सुरू होऊ लागला. गोळा झालेली माहिती नष्ट होत नव्हती; परंतु असे घडले की त्या दिवशीची उरलेली कामे दुसऱ्या दिवसावर जात. आयुष्याचा एकेक दिवस मोलाचा असलेल्या मोहिमेत हे नुकसान लहान नव्हते.

कारण शोधण्यासाठी कॅलिफोर्नियातील जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतील अभियंत्यांनी पृथ्वीवर ठेवलेल्या तशाच संगणकावर तीच परिस्थिती निर्माण केली. घडणाऱ्या घटनांची क्रमवार नोंद घेण्याची सोय प्रणालीत होती. त्या नोंदींतून उलगडलेला क्रम असा होता : हवामानविषयक कामाने माहितीच्या देवघेवीसाठी ऑपरेटिंग सिस्टीमची एक सोय वापरली व त्या ओघात एक कुलूप घेतले. ते सोडण्यापूर्वीच मध्यम प्राधान्याच्या कामांनी त्याला बाजूला सारले. दरम्यान माहिती पोचविणाऱ्या वरिष्ठ कामाला तेच कुलूप हवे झाले व ते थांबले. मध्यम कामे चालूच राहिली. पुढच्या चक्राच्या आखणीचे काम जागे झाले तेव्हा मागील चक्राचे काम अपुरे असल्याचे त्याला आढळले. ठरलेली वेळ चुकणे हा गंभीर दोष मानला गेला असल्यामुळे त्याने संगणक नव्याने सुरू करण्याची कारवाई केली. ही कारवाई सदोष नव्हती. ती रचनेनुसारच होती.

या प्रसंगातील दोन गोष्टी विशेष उल्लेखनीय आहेत. पहिली म्हणजे, ते कुलूप मोहिमेच्या आज्ञावलीत उघडपणे लिहिलेले नव्हते. ते ऑपरेटिंग सिस्टीमने पुरविलेल्या सोयीच्या पोटात दडलेले होते. दोन कामांमध्ये एक वस्तू सामायिक आहे, हेच सहजासहजी दिसत नव्हते. दुसरी गोष्ट अशी की हा दोष यान उतरण्यापूर्वीच्या काळातही दिसला होता. परंतु शोध घेताना तो पुन्हा घडवून आणता आला नव्हता. तीन कामांच्या वेळा नेमक्या जुळून आल्या तरच दिसणारा दोष चाचणीत हाती लागणे किती कठीण असते, याचे हे बोलके उदाहरण होय.

६. उपाय : उसने प्राधान्य

या विपर्ययावरील उपायाचा सैद्धांतिक पाया लुई शा, रगुनाथन राजकुमार व जॉन लेहोत्स्की यांच्या १९९० मधील निबंधात पद्धतशीरपणे मांडलेला होता. वरिष्ठ काम एखाद्या कुलपासाठी थांबले, तर ते कुलूप ज्याच्या हाती आहे त्याला तेवढ्यापुरते वरिष्ठाचे प्राधान्य द्यायचे. कुलूप सुटताच त्याचे मूळ प्राधान्य त्याला परत मिळते. या पद्धतीस प्रायॉरिटी इनहेरिटन्स, म्हणजे प्राधान्याचा वारसा असे नाव आहे. वास्तविक तो कायमचा वारसा नसून उसनवारी आहे. कार्यालयाच्या उदाहरणात सांगायचे तर, प्राचार्य ज्या वहीसाठी थांबले आहेत ती वही लिपिकाच्या हाती असेतोवर त्याचे काम हे प्राचार्यांचेच काम समजावे व विभागप्रमुखांनी त्याला बोलावू नये. लिपिकाची बढती होत नाही. केवळ दोन मिनिटांपुरता त्याचा मार्ग मोकळा होतो.

व्हीएक्सवर्क्समध्ये ही सोय उपलब्ध होती; संबंधित कुलपासाठी ती बंद होती. ती चालू करणारा बदल पृथ्वीवरून यानाकडे पाठविण्यात आला आणि त्यानंतर तो दोष राहिला नाही. मूळ ३० दिवसांसाठी आखलेल्या या यानाशी २७ सप्टेंबर १९९७ पर्यंत संपर्क होऊ शकला. लिनक्समध्येही अशा उसन्या प्राधान्याची सोय सामान्य आज्ञावल्यांसाठी २००६ मध्ये उपलब्ध झाली.

७. उपायाच्या मर्यादा

हा उपाय सर्वरोगहर नाही. प्रथमतः, त्याने कोंडी टळत नाही. दोन कामांनी परस्परांची कुलपे धरली असतील, तर प्राधान्य कितीही वाढविले तरी वर्तुळ मोडत नाही. दुसरे असे की, कुलपे साखळीने गुंतलेली असतील, तर वरिष्ठ कामाला एकामागून एक अनेकांसाठी थांबावे लागू शकते. यासाठी त्याच निबंधात प्राधान्याच्या कमाल मर्यादेवर आधारित दुसरी पद्धतही सुचविलेली आहे. प्रत्येक कुलुपासाठी ते वापरणाऱ्यांपैकी सर्वोच्च प्राधान्य आधीच नोंदवून ठेवायचे आणि ते पाहून नवे कुलूप द्यायचे की नाही हे ठरवायचे. एक प्रोसेसर असलेल्या प्रणालीत या पद्धतीने कोंडी व साखळी दोन्ही टळतात. मात्र कोणते काम कोणते कुलूप वापरणार हे तीत आधी माहीत असावे लागते.

तिसरी मर्यादा सर्वांत मूलभूत आहे. उसने प्राधान्य मिळाले तरी कनिष्ठ कामाने कुलूप हाती ठेवण्याचा काळ कमी होत नाही. तेवढी प्रतीक्षा वरिष्ठाला करावीच लागते. म्हणून कुलूप घेऊन करायचे काम शक्य तितके थोडे असावे आणि जे कुलपाबाहेर करता येईल ते बाहेरच करावे, ही शिस्त कोणत्याही यंत्रणेहून अधिक मोलाची ठरते. ती शिस्त सर्वांत कनिष्ठ कामाच्या आज्ञावलीलाही लागू होते. किंबहुना तिलाच अधिक लागू होते.

समारोप

सामायिक संसाधनांच्या वाटपात दोन प्रश्न गुंतलेले असतात. काम कोणाचे महत्त्वाचे, हा पहिला. आणि वस्तू सध्या कोणाच्या हाती आहे, हा दुसरा. प्राधान्यक्रम पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो व कुलूप दुसऱ्याचे. पाथफाइंडरच्या बाबतीत शेड्यूलरने चूक केली नाही, कुलुपाने चूक केली नाही आणि संगणक नव्याने सुरू करणाऱ्या कामानेही चूक केली नाही. दोष होता तो एवढाच की शेड्यूलरला कुलुपाची खबर नव्हती. उसन्या प्राधान्याने ही खबर त्याच्यापर्यंत पोचविली.

अध्यापनाच्या दृष्टीनेही याला महत्त्व आहे. पाठ्यपुस्तकांत प्रोसेसरचे वाटप एका प्रकरणात आणि कुलपे व कोंडी ही दुसऱ्या प्रकरणांत शिकविली जातात. विद्यार्थी प्रत्येक प्रकरणातील उदाहरणे अचूक सोडवितो; परंतु प्रत्यक्ष प्रणालीतील दोष दोन प्रकरणांच्या सांध्यात दडलेला असतो. तीन कामे, एक कुलूप आणि काही मिलिसेकंद एवढ्या सामग्रीवर हा सांधा फळ्यावर उलगडून दाखविता येतो. सर्वांत वरच्या कामाची वेळ पाळली जाणे हे सर्वांत खालच्या कामाला आपले काम पुरे करू देण्यावर अवलंबून असते, हे त्यातून विद्यार्थ्याला उमजले, तर वाटपाच्या सिद्धांताचे मर्म त्याच्या हाती लागले असे म्हणता येईल.